कारकुनाच्या नजरचुकीने

नाना, तुमच्या तेराव्याला मी जेवलो नाही. ताट वाढून झालं होतं, शेजारी तुमचे व्याही बसले होते, आणि मी "आलोच" म्हणून उठलो तो थेट गाडीत जाऊन बसलो. बायकोला वाटलं माझी साखर वाढली. तुमच्या घरच्यांना वाटलं मला भरून आलं, आणि दोघातिघांनी ते कौतुकानं बोलूनही दाखवलं म्हणे. खरं यातलं एकही नव्हतं. मी पळालो होतो.

कारण अनघा. हात धुवायच्या नळाशी तुमच्या नातीनं मला गाठलं. "काका, एक विचारू? आजोबांनी खरंच एवढी मोठी चूक केली होती का?" कोणती चूक, असं मी विचारलंसुद्धा नाही. तिनंच सांगितलं. वकिलीची परीक्षा पास झाली तेव्हा तिनं गंमत म्हणून फोनवर तुमचं पूर्ण नाव टाकून पाहिलं होतं. एकच गोष्ट आली. कडूबाईच्या विहिरीच्या केसमधला तो आदेश, आणि त्यात तुमच्या नावासकट लिहिलेलं की या कारकुनाचा निष्काळजीपणा अक्षम्य आहे आणि अशा माणसाच्या हाती कोर्टाचं काम सोपवताना वकिलांनी विचार करावा. "मी त्यांना दाखवलं होतं," अनघा म्हणाली. "ते म्हणाले, आदेश बरोबर आहे, बाईला पाणी मिळालं ना. पण चूक झाली होती का, ते काही बोलले नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते."

मी म्हणालो, "सांगतो." आणि पंगतीत जाऊन बसलो, आणि मग उठलो.

तेहतीस वर्षं तुम्ही माझ्याकडे होतात आणि फोनला तुमच्याबद्दल एवढंच माहीत आहे. पूर्वी असे आदेश रेकॉर्ड रूममध्ये जायचे आणि वाळवीच्या तोंडी लागायचे. वाळवीचे आपल्यावर किती उपकार होते ते आता कळतंय.

तुम्ही माझ्याकडे आलात ते एका कपाटाबरोबर आणि एका पंख्याबरोबर. म्हातारे वकीलसाहेब निवृत्त झाले, त्यांनी खोली मला दिली आणि म्हणाले, "नाना पण इथंच राहतील." जणू भिंतीतली खुंटी. मी वेरूळच्या पलीकडच्या खेड्यातून आलेला, घराण्यात काळा कोट घालणारा पहिलाच, आणि माझ्याकडे एकही केस नाही. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून मला साहेब म्हणालात. मला लाज वाटायची. तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. आणि रोज सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यातून माझ्यामागून चालताना तुम्ही दोन्ही हातांत कापडात बांधलेले जाडजूड गठ्ठे घेऊन यायचात. ते म्हाताऱ्या साहेबांचे कधीच निकाली निघालेले खटले होते. "राहू द्या हो साहेब," तुम्ही म्हणालात, "वकील रिकाम्या हातानं दिसला की पक्षकार जवळ येत नाही." सहा महिने तुम्ही ते मेलेले खटले माझ्यासाठी वाहिलेत, आणि सातव्या महिन्यात खरोखरच एक माणूस आला.

फाईलला तुम्ही शेवटपर्यंत मिसल म्हणालात आणि तारखेला पेशी. तुमचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत लेखनिक होते. त्यांनी तुम्हाला घरीच ती घसरत्या अक्षरातली उर्दू वाचायला शिकवली होती, जी वाचायला आता अख्ख्या कोर्टात तीन माणसं उरलीत. तुम्ही गेलात, म्हणजे दोन. या शहराच्या आजूबाजूची शेतं विकली जायला लागली, प्लॉट पडायला लागले, तसे लोकांच्या ट्रंकांतून जुने कागद बाहेर आले, आणि मोठेमोठे वकील आपल्या खोलीत येऊन, माझ्याकडे न बघता, तुमच्यासमोर बसायला लागले. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू? चहा मात्र मीच मागवायचो.

जुना कागद हातात आला की तुम्ही तो आधी उलटायचात. पुढची बाजू नंतर. "पाठ बघायची आधी, साहेब. त्या वक्ताला कागदाची लई टंचाई. पुढची बाजू सरकारसाठी लिहायचे आणि मागची घरच्यांसाठी. भांडण नेहमी मागच्या बाजूला असतं." तुम्ही स्वतःही तसेच. माझ्यासाठी कशाचा तर्जुमा, म्हणजे मराठी भाषांतर, करून द्यायचात तो एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंवर, मार्जिनसुद्धा न सोडता. मी म्हणायचो, नाना, कागद आता मिळतो दुकानात. तुम्ही म्हणायचात, मिळतो म्हणून काय झालं.

आता ते वाक्य. तुम्हाला माहीतच आहे, पण मला ते लिहून काढू द्या. आपल्या जिल्ह्यात, आणि मला वाटतं सगळ्याच जिल्ह्यांत, वकिलाची कधी चूक होत नाही. मुदत टळली, कोर्ट फीचं तिकीट लावायचं राहिलं, तारीख चुकीची पडली, पान गहाळ झालं, की अर्जात लिहायचं, "कारकुनाच्या नजरचुकीने". न्यायाधीशांना ठाऊक असतं, समोरच्या वकिलाला ठाऊक असतं, तोही उद्या तेच लिहिणार असतो. कुणाचं काही बिघडत नाही. माझे असले सगळे अर्ज तुम्हीच टाइप केलेत. एका दिवाळीला फराळाला आलात आणि बायकोसमोर मिशीत हसत म्हणालात, "वहिनी, या साली मी अकरा वेळा चुकलो. साहेबांनी मला ठेवलं हेच नशीब." आम्ही पोट धरून हसलो होतो.

आपली खरी भांडणं झाली ती यंत्रांवरून. फाईली ऑनलाइन दाखल करायचं सक्तीचं झालं तेव्हा मला आनंद झाला आणि तुम्हाला काळजी. एकदा मी तुम्हाला दाखवायला फोनवर एका जुन्या कागदाचा फोटो काढला आणि त्याच्याकडून भाषांतर करून घेतलं. "विहीर पूर्वेकडच्या भावाला दिली" असं होतं त्यात. फोननं विहिरीचं पूर्वेकडच्या भावाशी लग्न लावून दिलं. तुम्ही आठवडाभर त्या लग्नाची चौकशी करत होतात, आहेर काय केला म्हणून. मी चिडलो. म्हणालो, आज चुकतंय, उद्या बरोबर वाचेल, तुमच्यापेक्षा बरं वाचेल. तुम्ही हसायचे थांबलात. "वाचेल की. वाचणार नाही असं कुठं म्हणतो मी. पण साहेब, त्याच्यासमोर ठेवाल तेवढंच वाचेल. कागद उलटा म्हणून त्याला कोण सांगणार?"

मी म्हणालो, जमाना बदलला, नाना. वाद तिथंच राहिला. आता मी एकटाच तो दोन्ही बाजूंनी घालत असतो आणि दोन्ही बाजूंनी हरतो.

कडूबाई आली ती त्या वाईट उन्हाळ्यात. शहरात नळ आठ-दहा दिवसांनी येत होता, आपल्या खोलीतही पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवलेले होते, आणि लासूर स्टेशनच्या अलीकडच्या तिच्या गावात तर टँकरशिवाय काही नव्हतं. दोन्ही पोरं वाळूजच्या कंपनीत, कंपनीच्या बसनं ये-जा करणारी. मोसंबीची बाग ती एकटी सांभाळत होती. पाणी असलेली विहीर एकच, ती चुलत दिराच्या वाट्यात, आणि त्यानं मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलेलं. "माझी पाळी हाय त्या पाण्यावर, साहेब," ती म्हणाली. "आजेसासऱ्यानं लिहून ठेवलंय. पर आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नाय."

उशीच्या अभ्र्यातून तिनं तो वाटणीचा कागद काढला. तुम्ही उलटलात. आणि मागच्या बाजूचं मोठ्यानं वाचलंत, दर तिसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत या विहिरीचं पाणी धाकट्याच्या, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या, घराकडे जावं, आणि खाली आजेसासऱ्याचं नाव. नाव ऐकताच तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. तो माणूस जणू खोलीत आला होता. मला ते दृश्य फार आवडलं होतं, नाना. मला वाटलं, ही केस आपण हरूच शकत नाही.

त्या रविवारी तुम्ही भाचीच्या लग्नाला वेरूळला गेला होतात. मी तुमच्यासाठी थांबू शकलो असतो. सोमवारी दाखल केलं असतं तरी चाललं असतं. पण मला दाखवायचं होतं की नानांवाचून काही अडत नाही. स्कॅनर नवा होता, कागदांची चळत वर ठेवली की एकेक पान खर्रकन आत ओढून घ्यायचा. मी चळत ठेवली आणि चहा प्यालो. पंधरा मिनिटांत सगळं दाखल. सोमवारी तुम्ही आलात, पिशवी खुंटीला लावलीत आणि विचारलंत, "दोन्ही बाजू घेतल्या ना?"

"हो," मी म्हणालो. मान वर न करता.

खोटं बोलतोय असं मला वाटलंही नव्हतं. यंत्रानं घेतल्याच असतील, एवढंच वाटलं. मी उघडून पाहिलं नाही. त्या यंत्राला एका बाजूनंच वाचायला सांगून ठेवलेलं होतं, आणि ते सांगणाराही मीच होतो. वाटणीच्या कागदाची पाठ गेली नाही, आणि तुमच्या तर्जुम्याचीही पाठ गेली नाही.

पेशीच्या दिवशी तुम्ही मूळ कागद पिशवीत घालून तालुक्याला निघाला होतात. मीच थांबवलं. एवढ्या उन्हात बसनं कशाला जाता, आता सुनावणी पडद्यावर होते. मी शहरात खुर्चीत बसलो, न्यायाधीश तालुक्याला, समोरचा वकील त्यांच्यासमोर उभा. त्यानं विचारलं, पाण्याची पाळी लिहिलीय कुठं? मी म्हणालो, मागच्या बाजूला. न्यायाधीशांनी पानं पाहिली. मी पडद्यावर पानं खालीवर करत राहिलो. समोरचा वकील हसला आणि मग आवाज तुटायला लागला. मनाई हुकूम नाकारला गेला तेव्हा मला अर्धंच वाक्य ऐकू आलं. मी मागे वळून पाहिलं. तुम्ही कपाटापाशी उभे होतात आणि मूळ कागद तुमच्या हातात होता. तुम्ही मला बोलला असतात तर बरं झालं असतं.

मागची बाजू जोडून मी फेरविचाराचा अर्ज केला. मधे उन्हाळी सुटी लागली. समोरच्याचं म्हणणं असं की मागची बाजू आम्ही आता लिहवून घेतली. म्हणून न्यायाधीश म्हणाले, ज्याच्या ताब्यात कागद होता त्या कारकुनानं स्वतः शपथपत्र द्यावं. ते मी लिहिलं. तुम्हाला टाइप करायला दिलं नाही, स्वतः केलं. मजकूर खरा होता, की कागद आला तेव्हापासून पाठीवर मजकूर होता. आणि त्याच्याच पुढच्या ओळीत, सवयीनं, बोटं जिथं जातात तिथं गेली. माझ्या नजरचुकीने मागील बाजू स्कॅन करावयाची राहून गेली.

सवयीनं म्हणालो, ते अर्धंच खरं आहे. लिहून झाल्यावर मी ती ओळ वाचली होती. खोडायला एक बोट पुरलं असतं.

तुम्ही ते शपथपत्र हातात घेतलंत, पूर्ण वाचलंत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसलात, परत वाचलंत. मग मला विचारलंत, "सही कुठं करू?"

नाना, तेहतीस वर्षं तुम्ही लोकांना सही कुठं करायची ते दाखवत होतात. अंगठा कुठं, नाव कुठं, तारीख कुठं. आणि मी बोट ठेवलं. खरंच ठेवलं. इथं, म्हणालो.

पाळी मिळाली, जूनच्या मध्यावर. तोवर बाग गेली होती. आदेशात तुमच्याबद्दल ते दोन परिच्छेद होते. त्या दिवशी कोर्टाबाहेर कडूबाई आपल्यापाशी आली. माझ्या पाया पडली, मला नको-नको झालं. मग तुमच्याकडे वळली. "नाना, तुमच्याकडून असं व्हईल असं वाटलं नव्हतं. लेकरासारखी झाडं व्हती माझी."

"म्हातारपण, बाई," तुम्ही म्हणालात. "दिसत नाही आता नीट."

मी दोन पावलांवर होतो. गाडीची किल्ली शोधत होतो. किल्ली हातातच होती.

दिवाळीपर्यंत तुम्ही येत राहिलात. मग म्हणालात डोळे खरंच साथ देत नाहीत, आणि आला नाहीत. मी फार आग्रह केला नाही. सुटलो असंही क्षणभर वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं. मग महिनाभरानं एका पक्षकारानं जुना कागद आणला आणि मी तो उलटला, आणि वर पाहिलं, आणि खोलीत कुणी नव्हतं. पक्षकार होता, तसा. पण मला जे म्हणायचंय ते तुम्हाला कळेल. त्यानंतर मी बाहेर कुठं फारसा बोलेनासा झालो. दुपारचा डबा खोलीतच खातो. वकील मंडळी म्हणतात, तुम्ही माणसात या हो. माणसात जाऊन बोलायचं कशावर, सगळ्यांचीच मान फोनमध्ये, आणि माझीही.

गुलमंडीजवळच्या तुमच्या घरी मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा ठरवून आलो होतो. वाक्य तोंडात तयार होतं. तुम्ही ओसरीवर बसला होतात, कडूबाईचं कसं चाललंय ते विचारलंत, शहराचं नाव बदललं म्हणून माझ्या शिक्क्याचं काय केलंत ते विचारलंत. मी म्हणालो, नाना, त्या स्कॅनिंगचं... आणि गल्लीत एकच गलका झाला. नळ आला होता, नवव्या दिवशी. सूनबाई हंडे घेऊन धावली, अनघा पाइप जोडायला पळाली, तुम्हीही उठलात आणि भिंतीला धरून बादली पुढं सरकवलीत. मीही दोन कळशा उचलून दिल्या. पाणी भरून झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "काय म्हणत होता साहेब?" मी म्हणालो, "काही नाही, परत येईन." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "या की. कधी पण या."

परत आलो तो तुम्हाला खांदा द्यायला.

तेराव्याहून निघालो आणि ऑफिसला गेलो. भर दुपार, कोर्टाला सुटी, बाहेर टपरी बंद. कपाटातून ती मिसल काढली. बघा, मीही मिसल म्हणालो. तुमच्या शपथपत्राची ऑफिस कॉपी अजून तिथंच होती, तुमच्या त्या ताठ सहीसकट. मी ती उलटली. माझी खात्रीच होती, नाना, की तुम्ही मागं काहीतरी लिहिलं असेल. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. साहेबांनी केलं, रविवार होता, मी वेरूळला होतो, असं काहीतरी. भांडण नेहमी मागच्या बाजूला असतं असं म्हणणारा माणूस. मी कागद खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरून पाहिला.

पाठ कोरी होती. तुम्ही शिवी दिली असती तरी मला जवळ घेतल्यासारखं वाटलं असतं. तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. मी त्या खुर्चीत बसून रडलो, जे मी स्मशानातही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडूबाईकडे गेलो. तिला मुख्य दाव्याची तारीख सांगायला आलोय असं वाटलं, चहा टाकायला उठली. मी तिला बसवलं आणि सांगितलं. चूक नानांची नव्हती, माझी होती. मला वाटलं होतं ती झाडांबद्दल बोलेल. बोलायला हवंही होतं. ती म्हणाली, "मंग मी त्या माणसाला बोलले, त्याचं काय?"

मी हातातली किल्ली खाली ठेवली.

"सांगा की साहेब. मी आता कुणाला जाऊन सांगू? माणूस ऱ्हायला का सांगायला?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांनी तवा बी काय म्हणलं नाय. म्हातारपण, बाई, म्हणले. आन् तुम्ही तिथंच व्हता."

"व्हय," मी म्हणालो. मी गावाकडची भाषा बोलणं सोडून तीस वर्षं झाली होती, पण तेवढा एकच शब्द आला. चहा तिनं केला नाही. ते बरोबरच होतं.

मग मी शपथपत्र लिहिलं. माझं स्वतःचं. दावा अजून चालू आहे, त्यामुळे त्याच केसमध्ये देता येतं. पाठीमागील बाजू वकिलाच्या चुकीने स्कॅन झाली नाही, कारकून त्या दिवशी गावी होते, त्यांनी विचारले असता वकिलाने तपासणी न करता होकार दिला, पुढे त्यांच्या शपथपत्रातील सदर मजकूर वकिलाने स्वतः लिहून त्यांच्याकडून सही घेतली, सबब आदेशातील त्यांच्याविषयीचे उल्लेख काढून टाकावेत. नजरचूक हा शब्द मी वापरला नाही. नजर चुकली नव्हतीच, मी ती चुकवली होती.

तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतं. "काय मिळवलंत साहेब? आता कारकून निष्काळजी नाही, पण खोटी शपथ घेणारा ठरला." खरंय. तुमचं नाव धुवायला गेलो तर एक डाग काढताना दुसरा लागतो, आणि तोही मीच लावलेला. म्हणून लिहिलंय की सही माझ्या सांगण्यावरून केली. कोर्ट त्याचं काय करेल माहीत नाही. माझ्या सनदेचंही काय होईल माहीत नाही. ते व्हायचं ते होवो. पण फोनवर तुमचं नाव टाकलं तर निदान दोन गोष्टी येतील.

दाखल करण्याआधी अनघाला वाचायला दिलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, म्हणालो. तिनं उभ्या-उभ्या वाचलं. तिचा चेहरा तुमच्यासारखाच, काही कळू देत नाही. वाचून झालं आणि तिनं कागद उलटून पाहिला. कुणी शिकवलं असेल असं नाही, तुमच्या मांडीवर बसून बघितलं असेल.

"काका, हे खूप आधी करायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आजोबांना माहीत होतं ना?"

"हो."

तिनं कागद माझ्या हातात दिला तो दोन्ही हातांनी, तुम्ही द्यायचात तसा. मला माफ केलं की नाही ते मला कळलेलं नाही आणि विचारायचा मला अधिकार नाही.

काल ते मी स्कॅन केलं. यंत्राला आधी दोन्ही बाजू घ्यायला सांगितलं, दोनदा तपासलं. मजकूर एकाच पानात मावला होता, त्यामुळे मागची बाजू कोरी आली. तशीच दाखल केली.

आज दुपारी कोर्टातून फोन आला. दाखल झालेले कागद तपासणारा नवा मुलगा आहे, बोलायला अदबीचा. "साहेब, तुमच्या शपथपत्राचं दुसरं पान कोरं आलंय. त्रुटी काढत नाही, मीच वगळून टाकतो. तुमच्या कारकुनाच्या नजरचुकीनं आलं असेल."

"माझ्याकडं कारकून नाही," मी म्हणालो. "ते पान मीच टाकलंय. राहू द्या."